खडसमावशीचे पाच गोटे

सगूच्या आईने, यमुनाने, एकदा देवीला नवस केला होता. देवळाखालच्या ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलून तिने काठावर एकावर एक रचले आणि हात जोडले, "आई, माझ्या लेकीला न गळणारं घर दे." घर हवं असलं की सगळेच तिथे अशी उतरंड रचत. काठ नुसता उतरंडींनी भरला होता.

मायलेकी देवळाच्या पायरीवर चुरमुरे विकत. ओढ्याच्या डोहातले सोनेरी खडस मासे म्हणजे देवीची लेकरं. भाविक त्यांना चुरमुरे घालत. पण वर्षागणिक मासे कमी होत गेले. आता एकटी म्हातारी खडसमावशी तेवढी उरली होती. मासेच नाहीत, तर चुरमुरे घेणार कोण? झोपडी टपटप गळायची, पोट अर्धं राहायचं. तरी आपल्या वाटणीतली एक मूठ सगू मावशीला घालायचीच.

श्रावणातल्या एका सकाळी ती मूठ पाण्यात पडली आणि पाणी चमचमलं. इवल्याशा लाटेवर इवलीशी परी उभी! चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, सोनेरी खवल्यांचा झगा, केसांत हिरव्या शेवाळाची वेणी.

"आपल्या घासातला घास देतेस गं," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण आधी पाण्याचं घेतलेलं पाण्याला दे. ज्याने घेतलं, त्यानेच द्यायचं. दुसऱ्याच्या नवसाला हात लावायचा नाही."

"आम्ही काय घेतलंय?"

परीने उतरंडींकडे पाहिलं. "खडस धार चढून वर येते नि ह्या गोट्यांच्या फटींत अंडी घालते. थोडकीच घालते. फटींतून झुळझुळ पाणी खेळलं की पिल्लं निघतात. आता गोटेच नाहीत, अंडी वाहून जातात. मावशी उद्या वर येईल. म्हातारी आहे, पुन्हा येईलसं वाटत नाही."

सगू धावत आईकडे गेली. ऐकून यमुनाचा चेहरा उतरला.

"नवस मोडू म्हणतेस? त्या पाच दगडांच्या भरवशावर तर मी दिवस काढतेय, बाळा."

"मावशी पण त्यांच्याच भरवशावर होती ना, आई?"

यमुना उठली, गोट्यांना हळद वाहिली आणि एकेक गोटा आपल्या हाताने धारेत ठेवला.

"दाबू नको," सगू म्हणाली, "फट राहू दे."

"आलीस मोठी शिकवणारी," आई ओल्या डोळ्यांनी हसली. "आता माग तुझं घर."

सगूने त्या एवढ्याशा पाच गोट्यांकडे पाहिलं. "परी, मावशीची सगळी अंडी ह्यांत मावू देत. सुखरूप फुटू देत."

"आणि घर?" आईने विचारलं.

"इच्छा एकच आहे ना."

परी खुदकन हसली. पिवळं, हिरवं, केशरी तेज सगळ्या ओढ्यावर पसरलं, आणि त्या तेजातच परी विरून गेली. मायलेकी घरी आल्या, तर झोपडीच्या जागी टुमदार घरकुल! छपरावर सोनेरी कौलं, एकावर एक, खवल्यांसारखी. थेंब गळेल तर शपथ.

ते पाहून ज्याने त्याने आपापले गोटे पाण्याला परत दिले. पुढच्या श्रावणात डोहात बोटाएवढी सोनुली पिल्लं सळसळू लागली, आणि यमुनाची चुरमुऱ्यांची टोपली दुपारीच रिकामी होऊ लागली. रोज घरी जाताना ती डोहाला हात जोडते.

बाळांनो, तुम्हीही कधी नदीतला गोटा उचललात, तर देवाचं नाव घेऊन होता तिथे ठेवून द्याल ना? हलक्या हाताने, फट राखून.