शनीच्या देवळासमोरची दवंडी

खैरगाव संस्थानच्या दिवाणसाहेबांनी विलायतेहून आणलं काय, तर एक लॅटिन विशेषण: ओलेआरियस. म्हणजे ऑलिव्हचं किंवा तेलाचं. दरबारात ते ऐटीत म्हणाले, "महाराज, शब्द एकच आहे. तेव्हा ऑलिव्हचं तेच तेल, बाकी नुसता चिकट रस. करडईचे घाणे बंद करावेत."

महाराजांनी मान डोलावली. गावभर तशी दवंडी पिटली गेली. गिरजाबाई तेलिणीचा घाणा थांबला, तशी ती तडक दरबारात आली.

"दिवाणसाहेब, तुम्हाला साडेसाती आहे ना?"

"आहे. म्हणून तर दर शनिवारी शनीला तेल वाहतो."

"तेल कुठलं, साहेब? माझ्याच घाण्याचं ते. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही देवाच्या डोक्यावर चिकट रस ओतताय. देवाला लॅटिन येत नव्हतं म्हणून खपलं. आता दवंडी त्यानेही ऐकली असेल."

दिवाणसाहेबांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी शनिवार होता.

संध्याकाळच्या आत नवी दवंडी निघाली: करडईचं तेल हे तेलच आहे. शनीच्या देवळासमोर ती जरा मोठ्याने पिटावी, असा दिवाणसाहेबांचा खास हुकूम होता.