‘सांभाळून घ्या’

“पण सर, ‘सांभाळून घ्या’ म्हणणं हा गुन्हा नाही, तर मग गुन्हा म्हणायचं तरी कशाला?”

तावरे मॅडमचा आवाज जरा वर गेला होता. प्राचार्य झाल्यावर तो वर जातो आणि मग खाली यायला वेळ लागतो.

समोर ओटीवर पानवलकर सर आंब्याचं कलम बांधत बसले होते. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता मालवणजवळच्या या वाडीत रोपं करतात. कुणी विचारायला आलं तर ऐकून घेतात. बोलतात कमी.

“गुन्हा नाही, असं मी कुठे म्हटलं?” सर म्हणाले. “मी म्हटलं, परत एकदा वाच.”

मॅडमनी परत वाचलं. त्यांच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी आचारसंहिता तयार झाली होती, आणि समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. सगळ्यांत कडक कलम त्यांनी स्वतः लिहिलं होतं. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाला कुणाही विद्यार्थ्यासाठी ‘सांभाळून घ्या’ असं सांगणारा प्राध्यापक नोकरीस अपात्र ठरेल.

ही परीक्षा ज्यांनी पाहिली नाही, त्यांना सांगायला हवं. परीक्षक येतात. चहा होतो, पोहे होतात. मग कॉलेजातले प्राध्यापक खुर्ची जरा जवळ ओढतात आणि हळूच हे दोन शब्द बोलतात. त्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. मार्क द्या.

“पहिला कोण सापडणार यात?” सरांनी विचारलं.

“ढोले. आमच्याकडे नवा आहे, प्रोबेशनवर. एका मुलीसाठी परीक्षकाकडे शब्द टाकला. तिला धड काही येत नव्हतं, तरी पास झाली. उद्या सभेत संहिता मंजूर होईल, आणि ढोलेला कायम करायचं नाही हेही ठरेल.”

“मुलगी कोण?”

“आहे एक. परीक्षेच्या तोंडावर आई गेली तिची.” मॅडम थांबल्या. “मलाही वाईट वाटतं, सर. पण ढोलेला सोडला, तर हे सगळं कागदावरच राहील.”

सरांनी रोपाकडे पाहिलं, मग मॅडमच्या हातातल्या कागदांकडे.

“कलमं बरीच बांधलीस गो. जगतील किती, ते बघायचं.”

मॅडमना हसू आलं नाही. एवढ्या लांब गाडी घेऊन त्या थट्टा ऐकायला आल्या नव्हत्या.

“संहितेच्या सुरुवातीला छापायला तुमचे चार शब्द हवेत,” त्या म्हणाल्या. “हा कडकपणा मी तुमच्याकडूनच शिकले.”

“माझ्याकडून?”

“तुम्ही मला नापास केलं होतं.”

सरांनी कलमावर गुंडाळायची पट्टी उचलली.

“तिसऱ्या वर्षाला. तुम्ही परीक्षक होता. मी सबनीस बाईंची लाडकी विद्यार्थिनी. पण बाईंनी तुमच्याकडे शब्द टाकला नाही, आणि तुम्हीही माझ्याकडे बघून मार्क दिले नाहीत. असे शिक्षक होते म्हणून मी घडले. प्रत्येक भाषणात सांगते मी हे.”

“भाषणात सांगतेस?”

“हो.”

“अरेरे,” सर म्हणाले.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“बाईंनी शब्द टाकला होता.”

“कुणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

मॅडमनी कागद मांडीवर ठेवले.

“तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, बाई म्हणाल्या. पोरीने पुस्तक उघडलेलं नाही. सांभाळून घ्या.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात.”

“मी हो म्हणालो.”

“सर, पण... तुम्ही मला नापास केलंत!”

“केलं. देठाचा छेद घ्यायला दिला होता तुला. तू घेतलेला छेद भाकरीएवढा जाड. मायक्रोस्कोपखाली नुसता काळोख.”

मॅडमना ते रविवार आठवले; तेव्हा त्या नुसत्या मृणालिनी होत्या.

त्या निकालानंतर वर्षभर, दर रविवारी, सकाळच्या एसटीने हा माणूस त्यांच्या गावात उतरत असे. पिशवीत ब्लेडची पाती आणि कोवळ्या देठांची जुडी. पडवीत बसून मृणालिनीकडून छेद करून घ्यायचा. जाड झाला की टाकून द्यायचा आणि नवा देठ पुढे करायचा. जाताना आत डोकावून तिच्या वडिलांची विचारपूस करायचा. दुपारची गाडी पकडायची म्हणून कधी जेवायलाही थांबला नाही. आपल्याला नापास केल्याची टोचणी लागली असेल बिचाऱ्यांना, असं मृणालिनीला तेव्हा वाटलं होतं. त्याच समजुतीवर पुढची सगळी नोकरी झाली.

“सर... तुम्ही रविवारी यायचात, ते...”

“बाईंना हो म्हटलं होतं ना.”

सरांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की मॅडमच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या शब्दांत त्यांना लबाडीशिवाय काही दिसलं नव्हतं, त्या शब्दांना हा माणूस वर्षभर जागला होता. मार्क एकही वाढवून दिला नव्हता. आणि आजवर त्याबद्दल ब्रही काढला नव्हता. आपण एवढी वर्षं कुणाला ‘सर’ म्हणत होतो, ते आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले.

त्या खुर्चीवरून उठल्या आणि खाली, सरांच्या समोर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसल्या. रेशमी साडीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

सरांनी पट्टीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

“हे धर जरा. ओढू नकोस.”

त्यांनी धरलं. सरांनी जोडावरून पट्टीचे वेढे घेतले, गाठ मारली.

“मग हे कलम काढून टाकू?” मॅडमनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

“कशाला? बरोबर आहे ते.”

“म्हणजे ढोले चुकला?”

“चुकला तर. येत नसताना पास करवलं पोरीला.”

“मग त्याला काढायचं?”

“प्राचार्य तू आहेस.”

“सर, मला खरंच कळत नाही... उद्या सभेत मी काय करू?”

सरांनी कलमाचा चाकू बाजूला ठेवला. हाताची माती झटकली. रोप उचलून सावलीत नेऊन ठेवलं, आणि परत येऊन बसले.

“कलम आहे तसं राहू दे. त्याच्याखाली फक्त एक नाव लिहून ने. येत्या रविवारी त्या मुलीच्या घरी कोण जाणार, त्याचं.”