गुडघे न टेकणारा राजा

इटलीतल्या एका छोट्या राज्याचा राजा वारला आणि गादीला वारस उरला तो त्याचा तान्हा मुलगा लिओने. कारभार पाहणाऱ्या काकाला, रिनाल्दोला, गादी स्वतःलाच हवी होती. त्याने चर्चसाठी एका चित्रकाराकडून येशूच्या जन्माचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं. त्यात विधवा वहिनी लाविनिया मरियमच्या रूपात, तिचं बाळ लिओने येशूच्या, आणि तो स्वतः बाळाच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेच्या राजाच्या रूपात. राज्यात मोठं कोण, हे लोक तेव्हा अशा चित्रांवरूनच ठरवत.

"मला उभाच दाखव, मुकुट डोक्यावर," तो चित्रकाराला म्हणाला. "पोरापुढे वाकलो तर लोक त्यालाच राजा समजतील."

आपल्याला धड बोलता येईल, याची लाविनियाला खात्री नव्हती. पण बाळ मांडीवर होतं. शेजारी बसलेल्या बिशपांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "भावोजी म्हणतात तसंच काढा. फक्त खाली नाव घाला."

"कुणाचं?" रिनाल्दोने विचारलं.

"हेरोदचं. दर्शनाला आलेले राजे बाळापुढे वाकले. वाकला नाही तो हेरोद, बाळाच्या जिवावर उठलेला. ही गोष्ट इथे पोरासोरांनाही पाठ आहे, भावोजी."

बिशपांनी सावकाश मान डोलावली. रिनाल्दोने मुकुट उतरवला. "गुडघ्यांखाली उशी तरी द्या," तो पुटपुटला.

उशी मिळाली. मुकुट मात्र चित्रकाराने बाळाच्या पायाशी ठेवला, आणि तिथेच तो साऱ्या राज्याने पाहिला.