गुरुजींच्या डोळ्यातली वर्तुळं

“मग चुकतंय कोण, गुरुजी? माझा प्रोग्राम चुकणं तर शक्यच नाही.”

शार्दूलचा आवाज चढला होता. केळुसकर गुरुजी यंत्रावर हनुवटी टेकवून शांत बसले होते.

डोंगरावरच्या मठीत गुरुजी एकटेच राहत. प्रकाशाचे पहिले धडे शार्दूलनं त्यांच्याकडेच गिरवले होते. आता त्यांचीच नजर अंधुक होत चालली होती. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पुढे फुगत होता. त्याचा नेमका आकार कळला, तर त्यावर बसेल असं भिंग घडवता आलं असतं.

शार्दूलनं यंत्र बनवलं होतं ते त्यासाठीच. उजेडाची वर्तुळं डोळ्यावर पडायची, कॅमेरा त्यांचं प्रतिबिंब टिपायचा, आणि वर्तुळं कुठे किती वाकली त्यावरून संगणक त्या पडद्याचा आकार काढायचा.

पण दर वेळी निराळाच उंचवटा येत होता.

“तुम्ही डोळा हलवताय.”

“असेल...”

पुन्हा फोटो. पुन्हा नवा उंचवटा, नव्या जागी.

“फोटोत काय दिसतंय रे?”

“वर्तुळं.”

“आणि?”

“आणि काही नाही!”



शार्दूलनं चिडूनच फोटो मोठा केला...

वर्तुळांवर एक पांढरा डाग होता. आधीच्या फोटोत तोच जरा डावीकडे. डागाला बाह्या होत्या. उतावीळपणे शार्दूल दर वेळी पुढे वाकत होता, आणि डोळ्यात पडलेल्या त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या प्रतिबिंबालाच संगणक उंचवटा समजत होता.

“मीच आहे...” तो हळूच म्हणाला.

त्यानं दार लोटलं, खिडकीवर घोंगडी टाकली, यंत्रामागे पार भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि लांबूनच बटण दाबलं.

वर्तुळं स्वच्छ उमटली. आकारही आला.

शार्दूल संगणकाकडे नुसता पाहत राहिला. फुगवटा फार पुढे गेला होता. त्यावर कुठलंच भिंग बसणार नव्हतं.

“आलं का बरोबर?”

“हो. बरोबर आलं, गुरुजी. पण...”

“कळलं.”

...

शार्दूल भिंतीपाशीच थांबला. पुढे व्हायचा त्याला धीर होईना.

गुरुजी उठले. चाचपडत खिडकीपाशी गेले आणि त्यांनी घोंगडी ओढून काढली.

“मोजून झालं ना रे? मग आता ये समोर.”