खिशातलं नाणं

तांबटांच्या एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला शांत, धाकटा उतावळा. थोरल्याला जुन्या नाण्यांवरची अक्षरं लावता यायची. धाकटा शाळेत चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी मास्तरांची छडी घेऊन जो पळाला, तो परत तिकडे फिरकलाच नाही. दोघे मिळून तांबटांच्या भट्ट्यांना कोळसा पुरवत. पण थोरल्याचा जीव रमायचा तो नाण्यांत.

तांबट लोक मोडीतलं तांबं वजनावर घेत. त्यात फुटक्या घागरी असत, वाकलेले पळे असत आणि कधीमधी मूठभर जुनी नाणीही असत. ती भट्टीत जायच्या आत थोरला तांब्याच्याच भावाने ती विकत घ्यायचा आणि ओसरीवर बसून निवडायचा. दहातली नऊ आठवडी बाजारात शौकिनांना विकायची, एक ठेवायचं आणि आलेल्या पैशांतून पुन्हा नाणीच घ्यायची, असा त्याचा शिरस्ता. कोळशाच्या पैशांतली एक कवडीही त्याने नाण्यांवर घातली नाही. त्याच्याकडे नाण्यांनीच नाणी आणली.

त्याची ठेवायची रीतही पक्की होती.

"पेटीतलं नाणं आपलं," तो धाकट्याला सांगायचा. "पिशवीतलं बाजाराचं. आणि खिशातलं, ज्याला शब्द दिला त्याचं. ते आपण नुसतं सांभाळायचं."

"आणि दादा, तुझ्या खिशातले शेंगदाणे कुणाचे?"

"ते तुझेच. माझ्या हाताला कधी लागलेत का?"

पेटी शिसवी लाकडाची होती आणि तिच्यात बारा खळगे कोरलेले होते. फार पूर्वी त्या मुलखात एका राजाने बारा वर्षं राज्य केलं आणि दर वर्षी नव्या चिन्हाचं नाणं पाडलं. पहिल्या वर्षी मासा, दुसऱ्या वर्षी धनुष्य, असं करत शेवटच्या वर्षी पिंपळाचं पान. त्या वर्षी राजा अर्ध्यातच वारला, म्हणून पानाची नाणी थोडीच पडली. थोरल्याचे अकरा खळगे भरले होते. बारावा रिकामाच होता. त्या खळग्यात तो बोट घालायचा आणि म्हणायचा, "येईल. घाई कसली?"

मग एकदा थोरल्याला ताप आला. तीन दिवस राहिला आणि चौथ्या दिवशी त्याला घेऊनच गेला.

धाकट्याला काही सुचेना. घरात जिकडे बघावं तिकडे दादाची वस्तू, आणि दादा नाही. तेराव्याची माणसं पांगल्यावर त्याने पेटी उघडली. अकरा नाणी, सगळी काळपट. त्याला वाटलं, माझ्या दादाची आठवण अशी काळी का राहावी? तो उठला, मडक्यातली चिंच काढली, चुलीतली राख घेतली आणि पेटीतली, पिशवीतली झाडून सगळी नाणी घासायला बसला. दुपारपर्यंत ओट्यावर नुसता लखलखाट झाला. तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

शेजारची तांबटीण आजी घागर घेऊन जात होती. ती थबकली.

"अरे मेल्या, पंगतीची भांडी आहेत का रे ती?"

"दादाची नाणी आहेत, आजी. कशी चमकतात बघ!"

"चमकतात! जुन्या तांब्याला तो रंग चढायला दोनशे वर्षं लागतात. शौकीन पैसे मोजतो ते त्या रंगाचे. दादाने तुझ्या कधी ओला हात तरी लावला होता का त्यांना? नुसतं अंगठ्याने गोंजारायचा."

आजी पुढे गेली आणि धाकटा ओट्यावर बसूनच राहिला. बाजारात आता या नाण्यांना कोणी विचारणार नाही, याचं त्याला फारसं वाटलं नाही. त्याच्या डोक्यात एकच घुमत होतं. दादाचा अंगठा ज्या ज्या जागी फिरला होता, त्या सगळ्या चिंचेने धुऊन काढल्या. आणि आपल्याच हाताने.

संध्याकाळी खुंटीवरची दादाची बंडी चाचपताना खिशात काहीतरी टणक लागलं. एक नाणं होतं. धनुष्याचं, पण टांकसाळीत चुकून दोनदा ठोकलेलं, त्यामुळे एकावर एक दोन धनुष्यं उमटलेली. काळं, गुळगुळीत. एवढं एकच चिंचेतून वाचलं होतं. धाकट्याने ते कनवटीला लावलं आणि त्या दिवसापासून झोपतानाही सोडलं नाही.

चैत्रात जत्रा भरली. पलीकडच्या मुलखातला एक म्हातारा नाणेवाला दर वर्षी यायचा, तसा आला. तो थेट घरी आला, थोरला गेल्याचं ऐकून उंबऱ्यावरच बसला आणि बराच वेळ फेट्याच्या शेवाने डोळे पुसत राहिला. मग त्याला उघडी पेटी आणि तिच्यातली लखलखती नाणी दिसली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"का रे बाळा?"

"चांगली दिसावीत म्हणून."

म्हाताऱ्याने एक लांब श्वास सोडला. "मागच्या जत्रेत तुझा दादा म्हणाला होता, काका, दुहेरी धनुष्याचं नाणं सापडलंय. तुमच्यासाठी ठेवतो, पुढल्या वर्षी घेऊन जा. मी त्याला बदली नाणं द्यायचं कबूल केलं होतं. तेही घासलंस का?"

धाकट्याचा हात कनवटीवर गेला. हे दिलं तर दादाचं काय उरलं? आणि तोंडातून शब्द निसटला, "हो. तेही."

"असू दे," म्हातारा काठी टेकत उठला. "शब्द त्याने दिला होता, तू नाहीस. तुझ्यावर त्याचा बोजा नाही, बाळा." आणि तो हळूहळू जत्रेकडे निघाला.

खोटं पचलं होतं. नाणं कनवटीलाच होतं. धाकटा ओसरीवर येऊन बसला, पण बसवेना. ते नाणं त्याला टोचू लागलं. दादाने ते पेटीत ठेवलं नव्हतं. पिशवीतही नाही. ते खिशात सापडलं होतं. आणि खिशातलं कुणाचं, हे त्याने लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. "दादा, पण तुझं एवढं एकच राहिलंय रे," तो खुंटीवरच्या बंडीकडे बघून मोठ्याने म्हणाला.

तो उठला आणि अनवाणीच धावत सुटला. पाळण्यांतून, रेवड्यांच्या दुकानांतून, बैलांच्या गर्दीतून. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी बाकावर बसलेला म्हातारा त्याला सापडला.

"काका, मी खोटं बोललो." त्याला धाप लागली होती. "हे घ्या. घासलेलं नाही. खिशातलं आहे, म्हणजे तुमचंच आहे."

म्हाताऱ्याने नाणं उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं. "मग मघाशी का नाही म्हणालास?"

"यावर दादाचा हात होता. बाकीच्यांवरचा मी घालवला." आणि जत्रेच्या ऐन गर्दीत तो लहान पोरासारखा रडला.

म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं. मग आपली चंची सोडली आणि एक नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यावर पिंपळाचं पान होतं.

"ही कबूल केलेली बदली. आणि ऐक. गेली सात वर्षं दर जत्रेत तुझा दादा इथे, याच बाकावर माझ्याशेजारी बसायचा. हे नाणं मागून घ्यायचा आणि रसाचा पेला संपेपर्यंत सोडायचा नाही. पेला तर असा पुरवून पुरवून प्यायचा की रसवाला वैतागायचा. पानाचा देठ बघ."

धाकट्याने पाहिलं. पानाच्या शिरा ठसठशीत होत्या, पण देठ मात्र अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झाला होता. त्याने आपला अंगठा तिथे ठेवला. बरोबर बसला.

"आणि त्या अकरांचं काय करू, काका?"

"काही करू नकोस. आता नुसता हात लावत जा. तांबं आहे ते, रंग पुन्हा धरेल."

दोघांनी रस प्यायला. धाकट्याने पेला इतका पुरवला की रसवाला म्हणाला, "आला बघा, त्याचाच भाऊ!"

त्या दिवशी बारावा खळगा भरला. पुढच्या आठवड्यात धाकटा तांबटाच्या दारात उभा राहिला आणि त्याने शेरभर जुनी नाणी तांब्याच्या भावाने घेतली. नऊ विकायची, एक ठेवायचं. अक्षरं त्याला लागत नव्हती, मग ती तो तांबटीण आजीच्या नातीकडून वाचून घेऊ लागला, शेंगदाण्यांच्या बदल्यात. पावसाळे गेले तशी पेटीतली अकरा नाणी हळूहळू काळवंडली, आणि प्रत्येकावर एका जागी अंगठ्याएवढा गुळगुळीत डाग उमटला.

तात्पर्य: गेलेल्या माणसाच्या वस्तू जपाव्यात, पण त्याआधी त्याचा शब्द जपावा. वस्तू घासल्या तर त्याचा हात त्यांच्यावरून निघून जातो, पाळलेल्या शब्दावरून मात्र कधीच जात नाही.