गोमुखीतला पासवर्ड

“...पण बुवा, तुमचा हा दहा वर्षांचा डबा पळतो, मग माझा नवाकोरा का गोठतो?”

पायऱ्या चढून आलेल्या हेरंबने अजून दमही खाल्ला नव्हता. लॅपटॉप छातीशी धरून तो मठाच्या ओसरीवर उभा होता.

समोर नागनाथबुवा बसले होते. उजवा हात गोमुखीत. जपाची माळ कुणाला दिसू नये म्हणून असते ना, ती भगवी पिशवी. आत बोटं हलत होती.

शेजारी चौरंगावर मठाचा जुना लॅपटॉप उघडा होता. बुवा त्यावर भजनं उतरवून ठेवत. लिनक्स या फुकटच्या प्रणालीवर तो असा चाले, की खालच्या गावात त्याचं कौतुक होई.

“बस आधी. पाणी पी.”

“पाणी नको, बुवा. उद्या सकाळी दहाला आमच्या वृंदाचा नर्सिंगचा पहिला तास आहे, ऑनलाइन. तिच्यासाठी हा स्वस्तातला घेतला. मी छाती ठोकून सांगितलं, लिनक्स टाकतो, वाऱ्यासारखा पळेल. पळतोयही. फक्त वायफाय लागत नाही.”

“मग लाव.”

“तेच तर! वायफाय चालवणारा ड्रायव्हर टाकायचाय. नेटसाठी मोबाइल वायरने जोडला, कमांड लिहिली. बरोबर लिहिली; कॉम्प्युटरच्या कोर्सात पहिला आलोय मी. मग तो पासवर्ड मागतो. लिहायला घेतला, की गोठला! एक टिंब उमटत नाही.”

“मग काय करतोस?”

“बंद करतो. लिनक्स पुन्हा पहिल्यापासून टाकतो.”

“असं किती वेळा?”

हेरंबने ओसरीच्या खांबाकडे पाहिलं.

“...चार.”

बुवांचं पोट हसून हसून हललं. “चार वेळा देऊळ पाडलंस आणि चार वेळा बांधलंस! लेका, कुणाला विचारायचं तरी.”

“कुणाला विचारू? गावात सगळे मलाच विचारतात.”

“हं... दाखव.”

हेरंब मांडी घालून बसला. मोबाइल जोडला. काळ्या खिडकीत कमांड लिहिली. पासवर्डची ओळ आली. त्याने एक अक्षर दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं दाबलं आणि पडद्याकडे पाहिलं.

काही नाही.

“बघा! मेला!” त्याचं बोट बंद करायच्या बटणाकडे निघालं.

बुवांनी डाव्या हाताने ते अडवलं. बॅकस्पेस तीनदा दाबली. मग खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि पडद्यावर टाकलं.

“आता लिही.”

“बुवा, काही दिसत नाही!”

“मघाशी दिसत होतं?”

“नाही... टिंबसुद्धा नाही.”

अंगणात चिमण्या तांदूळ टिपत होत्या.  हेरंब मान खाली घालून एकेक अक्षर दाबत गेला. मध्येच थांबून बघायला आता पडदाच नव्हता.

“संपलं.”

“संपलं, तर एंटर मार.”

बुवांनी उपरणं काढलं.

काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी धावत होत्या. मिनिटभरात थांबल्या. कोपऱ्यात वायफायची खूण उमटली, आणि यादीत पहिलंच नाव मठाचं.

हेरंब उठला. बसला. पुन्हा उठला. वायर ओढून काढली आणि फोन कानाला लावला.

“वृंदे, लागलं! लागलं गं! अगं, तो गोठलाच नव्हता, पासवर्ड न दाखवता ऐकत होता!”

“मग चार दिवस तू काय करत होतास, दादा?” फोनमधला आवाज ओसरीभर ऐकू आला.

चिमण्या उडाल्या, एवढ्या जोरात बुवा हसले. हेरंबही हसला, कानापर्यंत लाल होऊन.

जाताना तो पाया पडला. “तुमच्या जपात मी व्यत्यय आणला. किती माळा राहिल्या आज?”

बुवांनी हात बाहेर काढला आणि गोमुखी उलटी केली.

रिकामी.

“माळ सकाळीच तुटली. ओवायला दिलीय. आज पेरांवरच मोजतोय.”

हेरंबने पिशवीत डोकावून पाहिलं.

“पण... मी लिहीत होतो तेव्हा आत बोटं हलत होती. काय मोजत होतात?”

“तुझी अक्षरं. आधी तीन. मग दहा... आणि एंटर, तो माळ संपवणारा मेरुमणी.”