वाऱ्याला कोण वारा घालणार?

समुद्रात एक बेट होतं. एवढंसं! बेटावर एक माड. माडाखाली एक दगड. आणि दगडावर एक पिटुकला सरडा, ठिपकू.

ठिपकू रोज दगडावर बसून ऊन खायचा. ऊन खाल्लं की अंग उबदार. मग पळायचं तुरुतुरु! मुंग्या करायच्या गट्टम! ऊन नसलं की ठिपकू गारगार. पायच उचलत नसत बिचाऱ्याचे.

एकदा काय झालं? धप्प! माडाची झावळी पडली. थेट दगडावर. गेलं की हो ऊन!

"झावळीबाई, झावळीबाई, सरका ना!"

"मला का पाय आहेत? खेकड्याने ओढलं, तर सरकेन."

ठिपकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खेकडेदादा, खेकडेदादा! झावळी सरकेना, ऊन काही मिळेना!"

"माझ्या बिळात पाणी शिरलंय. लाट मागे गेली, तर ओढीन."

ठिपकू निघाला. तुरु… तुरु… अंग गार होऊ लागलं.

"लाटताई, लाटताई! खेकडा ओढेना, झावळी सरकेना, ऊन काही मिळेना!"

"वारा मला ढकलतोय ना! वारा निजला, तर मागे जाईन."

ठिपकू निघाला. तु… रु… तु… रु… पाय जड झाले. पण थांबला नाही हं!

"वारेबुवा, वारेबुवा! लाट हटेना, खेकडा ओढेना, झावळी सरकेना, ऊन काही मिळेना!"

"झोप तर आलीय रे," वारा म्हणाला. "पण मी सगळ्यांना वारा घालतो. मला कोण घालणार?"

खरंच की! वाऱ्याला कधी कुणी वारा घातलाच नव्हता.

ठिपकूच्या पोटात थोडीशीच ऊब उरली होती. अगदी थोडी. त्याच्या गळ्याखाली होता कातडीचा एक पंखा, निळा-केशरी. त्याने मान उचलली. पंखा हलवला.

उघड… मीट… उघड… मीट…

"अहाहा!" वाऱ्याने जांभई दिली. माडाला टेकला. निजला.

वारा निजला, लाट हटली.
लाट हटली, खेकड्याने ओढलं.
खेकड्याने ओढलं, झावळी सरकली. सर्रर्र!
झावळी सरकली, ऊन आलं!

ठिपकू दगडावर पसरला. पोटभर ऊन खाल्लं.

आता रोज दुपारी वारा दगडापाशी येतो. "ठिपकू, घाल की रे वारा!"

उघड… मीट… उघड… मीट…

वारा निजतो. लाट निजते. खेकडा निजतो. मग ठिपकूही निजतो.

श्श्! पुस्तक हळूच मिटा.